बँकॉकला एकाच संध्याकाळी थाई नाच आणि नदीवरची डिनर क्रूझ, आई-बाबांना झेपेल का?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. भाऊबीज आटोपली की दोन-चार दिवसांत आम्ही बँकॉकला निघतोय, मी, नवरा, नववीतली लेक आणि माझे आई-बाबा. फ्लाइट अहमदाबादहून थेट आहे. आई-बाबांची पहिलीच परदेशवारी, म्हणून त्यांच्यासाठी एक संध्याकाळ जरा खास करायचीय, म्हणजे आधी तिथला पारंपरिक नाच किंवा नाटक असं काहीतरी आणि मग चाओ फ्राया नदीवर बोटीत जेवण. आई लहानपणी आपल्या इथल्या, बडोद्याच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायची, अजूनही कुठे नाटक आहे म्हटलं की सगळ्यात आधी तीच तयार होऊन बसते, त्यामुळे शो तर हवाच.

एजंटने जो प्लॅन दिलाय त्यात एका ओळीत लिहिलंय, सयाम निरमित शो आणि डिनर क्रूझ, संध्याकाळी सहा ते अकरा. मी म्हटलं बोट साडेसातला सुटते आणि शो आठला असतो तर दोन्ही कसं जमणार, तर म्हणे होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ. पण मला टेन्शन आलंय. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, जिने तर नकोच. दोघं पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. घरी बाबा साडेसातला खिचडी-कढी खाऊन मोकळे होतात. आणि आमच्या मुक्कामात कार्तिकी एकादशी पण येतेय.

कोणी मोठ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा, दोन्ही एका संध्याकाळी करावं का वेगवेगळं? पैसे थोडे जास्त गेले तरी चालेल पण त्यांची दमछाक नको.

घुंगरू_बडोदा

ताई, आधी महत्त्वाचं. सयाम निरमित आता नाहीये. खूप भव्य स्टेज होतं, पण कोविडच्या काळात बंद पडलं आणि २०२१ मध्ये कायमचं बंद केल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यामुळे एजंटला सरळ विचारा की नक्की कुठला शो, थिएटरचं नाव काय, आणि उत्तर लेखी घ्या. जुने प्लॅन तसेच पुढे फिरत राहतात.

माझं ऐकाल तर संध्याकाळी शो बघूच नका, दुपारी बघा. बँकॉकला सहा-सातच्या ट्रॅफिकमध्ये थिएटरहून पियरला, म्हणजे बोटीच्या धक्क्याला, धावत जायचं म्हणजे दोन्हीचा आनंद गेला, अर्धं लक्ष घड्याळात. त्याऐवजी खोन बघा. खोन म्हणजे तिथलं मुखवट्यांचं नृत्यनाट्य, आणि गोष्ट आपली रामायणाचीच, तिकडे रामाकियन म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलंय. ग्रँड पॅलेसचं तिकीट काढलं की त्याच तिकिटावर साला चालर्मक्रुंग थिएटरमधला खोनचा छोटा प्रयोग बघता येतो, पाऊण तासाच्या आतच संपतो, सोमवार ते शुक्रवार, दिवसाउजेडी. शनिवार-रविवार धरू नका. त्या दिवशीच्या वेळा पॅलेसच्या तिकीट खिडकीवर विचारून घ्या. थिएटर एसी आहे आणि १९३३ सालचं आहे, तुमच्या आईंना ती जुनी इमारत बघूनच बरं वाटेल.

मी इथे आपल्या पर्फॉर्मिंग आर्ट्स कॉलेजला भरतनाट्यम शिकले म्हणून मला खोन जरा जास्तच भिडलं असेल, पण खरंच सांगते, राक्षसांचं काम करणारे जेव्हा दोन्ही गुडघे बाहेर काढून खाली बसतात आणि तसेच पाय आपटत सरकतात तेव्हा आपला अरमंडी डोळ्यासमोर येतो, फक्त त्यांचा पाय जास्त रुंद आणि जड पडतो. वानर आणि राक्षसांना मुखवटे असतात, ते स्वतः बोलत नाहीत, बाजूला बसलेले लोक त्यांचे संवाद म्हणतात आणि लाकडी पट्ट्यांचं रानात नावाचं वाद्य सतत चालू असतं. राम, लक्ष्मण, सीता यांना मुखवटा नाही पण चेहरा अगदी स्थिर ठेवतात, सगळं काम हातांचं आणि मानेचं. हनुमान पांढरा, सुग्रीव लाल, रावण हिरवा. युद्धात राम रावणाच्या मांडीवर पाय देऊन वर चढतो आणि दोघं तसेच थांबतात, ते आईंना नीट बघू द्या, मोबाइलमध्ये शूट करत बसू नका. कपडे एवढे घट्ट असतात की प्रयोगाआधी नटाच्या अंगावरच टाके घालून शिवतात.

आणि लेकीला आधीच सांगून ठेवा की तिकडचा हनुमान ब्रह्मचारी नाहीये, रावणाच्या मत्स्यकन्या मुलीवर त्याचा जीव जडतो. आईंनापण सांगा, नाहीतर चालू प्रयोगात प्रश्न येतील 😊

कारेलीबाग_खवय्या

जेवणाचं मी सांगतो. बोटीवरच्या बुफेत भाज्या दिसतात म्हणून ते शाकाहारी आहे असं अजिबात धरू नका. थाई स्वयंपाकात आपण मीठ घालतो तसं ते फिश सॉस घालतात. कच्च्या पपईची कोशिंबीर बघून आईंना वाटेल की वा हे आपलं, पण त्यात सुके झिंगे कुटलेले असतात. भाजी परततात त्यात ऑयस्टर सॉस. सूपचं तर विचारूच नका.

दोन उपाय. एक म्हणजे बुकिंग करतानाच इंडियन व्हेज विचारायचं, मोठ्या बोटींवर आपले लोक एवढे असतात की बऱ्याच ठिकाणी डाळ, भात, पनीर, नान असं वेगळं काउंटर असतं, पण सगळ्या बोटींवर नसतं म्हणून व्हाउचरवर छापून घ्या. दुसरं, तिथे 'जे' नावाचं जेवण मिळतं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात, त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणपण नाही. शहरात फिरताना उपयोगी पडेल.

आणि घुंगरूताईंनी सांगितलेल्या थिएटरपासून पाहुरात अगदी जवळ, आपल्या लोकांची वस्ती, कापडाची दुकानं, पंजाबी खानावळी, मोठा गुरुद्वारा. खोन बघून तिथे बाबांना गरम रोटी-भाजी खायला घाला. म्हणजे रात्री बोटीवर नुसता भात आणि फळं खाल्ली तरी पोटाची चिंता नाही, तुम्ही पण शांतपणे नदी बघाल.

एकादशीच्या दिवशी क्रूझ ठेवू नका. साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू, वेफर्स इथून घेऊन जा आणि त्या दिवशी हॉटेलजवळच फिरा. थेपले तर नेणारच असाल.

मांजलपूरकर

अरे बापरे सयाम निरमित बंद आहे हे एजंट बोललाच नाही! त्याला आत्ताच मेसेज टाकलाय. खोनबद्दल आईला वाचून दाखवलं, ती म्हणते रावणाच्या मांडीवर चढायचं ते मला बघायचंच आहे. पण ग्रँड पॅलेस, खोन आणि रात्री क्रूझ असं एका दिवसात बाबांना होईल का? आणि बोटीत चढायला जिना असतो का?

नदीकिनारी

काकांसाठी दिवस तोडून घ्या. सकाळी पॅलेस उघडतो साडेआठला, तेव्हाच पोचा, दहा-साडेदहानंतर तिथे ऊन आणि गर्दी दोन्ही सहन होत नाही. गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे लागतात, लेकीला शॉर्ट्स घालू देऊ नका. सगळा पॅलेस फिरायची गरज नाही, पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती जी ओवरी आहे तिच्या भिंतींवर अख्खं रामाकियन रंगवलंय, १७८ चित्रं आहेत, तिथे सावलीत सावकाश चाला, काकांना मधेमधे बसवा. मग खोन, पाहुरातला जेवण, आणि टॅक्सी करून हॉटेलवर. दुपारी तीन तास झोप. हे सोडू नका.

क्रूझला तुमची खरी संध्याकाळ. बहुतेक मोठ्या बोटी सात ते पावणेआठच्या दरम्यान सुटतात आणि साधारण दोन तास फिरवतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे तिथे आठ वाजता काकांच्या पोटाला साडेसहाच वाजलेले असतात, पहिले दोन-तीन दिवस तरी भुकेची अडचण येणार नाही. उलट दिवाळीच्या सुमारास तिथे पावणेसहालाच सूर्य मावळतो, तर ज्यांना उजेडात नदी बघायचीय त्यांनी पाचच्या आसपासची सनसेट क्रूझ घ्यावी. ती घेतली तर काका नऊला झोपलेले असतील. पण मी म्हणेन अंधाराचीच घ्या, वाट अरुण (नदीकाठचं देऊळ) रात्री दिवे लागल्यावर जो दिसतो तो दिवसा तसा दिसत नाही. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून ते शिखर सजवलंय, जवळून बघायचं असेल तर वेगळ्या दिवशी सकाळी जा.

जागेवरून भांडू नका. बोट वर जाते तेव्हा वाट अरुण डावीकडे आणि पॅलेस उजवीकडे, रामा आठ पुलाच्या आसपास वळते, येताना उलटं. दोन्ही बाजूंना सगळं दिसतं. वरचा डेक उघडा, हवा छान पण जिना चढावा लागतो आणि स्पीकरचा आवाज डोक्यावर. खालचा एसी डेक, काच मधे येते पण काका-काकूंना बरा. बुकिंग करताना खालचा डेक, खिडकीचं टेबल असं सांगा. चढताना पियर आणि बोट यांच्यात छोटी फळी असते, पाण्याने हलते, कर्मचारी हात धरतात, काठी असेल तर घेऊन जा.

कुठल्या पियरवरून सुटते ते नीट बघा, आयकॉनसियाम, एशियाटीक आणि रिव्हर सिटी ही तिन्ही वेगळी ठिकाणं आहेत आणि ऐन वेळी चुकीच्या ठिकाणी उभे राहिलात तर बोट थांबत नाही. निवड असेल तर आयकॉनसियाम घ्या. मॉल आहे, लिफ्ट, बाथरूम, बसायला जागा, आणि गोल्ड लाइन ट्रेनचं चारोएन नाखोन स्टेशन अगदी लागून. तासभर आधी पोचलात तरी काका आरामात बसतील. तिकीट बोटीप्रमाणे हजार ते दोन हजार बाथ धरा माणशी, बाथ अडीच रुपयांच्या वरच पडतो. फारच स्वस्त दिसलं तर आधी जेवणात काय आहे ते विचारा.

एक गोष्ट तारखेची. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा लॉय क्राथोंग असतो, आपण त्रिपुरीला दिवे सोडतो तसं तेही केळीच्या बुंध्याच्या चकतीवर फुलं आणि मेणबत्ती लावून पाण्यात सोडतात. बघायला फार सुंदर, पण त्या रात्री क्रूझचे दर चढतात, पियरवर मुंगी शिरायला जागा नसते. तुम्ही एकादशीला तिथे आहात म्हणजे पौर्णिमा चारच दिवसांवर. मुक्काम तेवढा असेल तर क्रूझ आधी उरका आणि त्या रात्री काठावरून एखाद्या शांत देवळाजवळून दिवे बघा.

फतेगंज_संध्या

काकूंना बोट लागते का ते आधी बघा की. अहमदाबादला साबरमतीवर २०२३ पासून जेवणाची क्रूझ आहे, सरदार ब्रिज ते गांधी ब्रिज. फ्लाइट तिथूनच आहे तर त्याआधी एखाद्या रविवारी एक्सप्रेसवेने जाऊन या, बाबांना हलणारी फळी, बुफेची रांग, मोठ्या आवाजातली गाणी हे सगळं कसं वाटतं ते कळेल. माझ्या सासूबाईंना गाण्यांचाच त्रास झाला, मग पुढच्या वेळी आम्ही स्पीकरपासून लांबचं टेबल मागितलं.

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, किती बारकाईने लिहिलंत. एजंटचा रिप्लाय आला, म्हणे सयाम निरमितच्या जागी एशियाटीकचा कॅबरे शो देतो, तेवढेच पैसे. घ्यावा का?

घुंगरू_बडोदा

आई-बाबांसाठी नको. ते कलाकार मेहनती असतात, कपडे, लाइट्स, सगळं झगमगीत, तुम्ही दोघं वेगळ्या रात्री जा आणि मजा करा. पण काकूंना जे बघायचंय ते तिथे नाही. शोचे पैसे प्लॅनमधून कमी करून मागा आणि फक्त क्रूझ ठेवा, खोन तर पॅलेसच्या तिकिटातच आहे.

आणि वेळ उरला तर एरावणच्या ब्रह्मदेवाच्या देवळात जा, चितलोम स्टेशनला उतरलं की लगेच. ज्यांचा नवस फेडायचा असतो ते पैसे भरतात आणि तिथल्या नर्तकी देवासमोर नाचतात, चार-पाच मिनिटांचा नाच, बाजूला वाद्यं. बघायला काही पैसे पडत नाहीत, बाबांना फार उभं पण राहावं लागत नाही. थिएटरमध्ये सुरुवातीला राजाचं गीत वाजलं तर सगळे उठतात, तुम्हीपण उठा, बाबांचा हात धरा म्हणजे झालं.

नदीकिनारी

कॅबरे नको याला माझाही दुजोरा. एजंटकडून क्रूझच्या व्हाउचरवर एवढं लिहून घ्या: बोटीचं नाव, पियरचं नाव, सुटायची वेळ, खालचा डेक, दोन शुद्ध शाकाहारी. आणि हॉटेलहून आणायला गाडी आहे का नाही. रात्री दहाला पियरवर टॅक्सीला रांग असते, तेव्हा परतीची गाडी ठरलेली असेल तर बरं.