जन्मजात व्यंग आणि अकाली प्रसूती: किशोरवयीनांना हे आत्ताच का शिकवावे?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका):
पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना जन्मजात व्यंग आणि अकाली प्रसूती कशी टाळता येते, हे मला शिकवायचे आहे. ज्यांच्या मनात आईबाप होण्याचा विचारही नाही, त्यांना याची गरज कशी पटवावी? शिवाय एखाद्या विद्यार्थ्याचे भावंड जन्मतः व्यंग असलेले असेल, तर त्याचे मन न दुखावता हे कसे सांगावे?

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ):
बाई, सुरुवात दिवसांच्या हिशेबापासून करा. ज्या नळीपासून गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते आणि तोपर्यंत अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची कल्पनाही नसते. ती नीट मिटली नाही, तर स्पायना बिफिडासारखे (पाठीचा कणा नीट न मिटल्याचे) व्यंग उद्भवते. त्याचा धोका बराच कमी करणारे फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व म्हणूनच गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे लागते. रुबेलाचेही (जर्मन गोवराचेही) तसेच आहे. गरोदरपणी झालेल्या या आजाराचा बाळाच्या मोतीबिंदूशी असलेला संबंध नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञांनी १९४१ साली दाखवून दिला. परंतु त्याची लस गरोदरपणात देत नाहीत, ती आधीच घेतलेली असावी लागते. दिवस राहिल्यावर शिकवायला घेतले, तर यातले बरेचसे हातातून निसटलेले असते.

उत्तर २ (औषधविक्रेता):
मुरुमांवरील औषधाचे उदाहरण अवश्य द्यावे, कारण तो या वयाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तीव्र मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. त्यामुळे मैत्रिणीच्या गोळ्या मागून घेणे किती धोक्याचे आहे, हे मुलींना लगेच उमगते. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएटही गर्भाला घातक ठरू शकते, पण फिट येणाऱ्या मुलीने ते घाबरून परस्पर बंद करू नये, डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवावा, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे.

उत्तर ३ (नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिका):
३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आम्ही अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे तयार नसतात आणि त्याला प्रत्येक श्वासासाठी झगडावे लागते. गरोदर स्त्रीचे धूम्रपान हे यामागील टाळता येण्याजोगे कारण आहे. घरातल्या इतरांच्या सिगारेटचा धूरही तिला आणि बाळाला बाधतो, म्हणून हा विषय शिकवताना मुलग्यांना वर्गाबाहेर पाठवू नका. दारूचे तर गरोदरपणात सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही.

आता भावंडांविषयी. अनेक व्यंगांचे कारण शोधूनही सापडत नाही आणि सर्व काळजी घेतलेल्या आईचे बाळही लवकर जन्मू शकते, हे पहिल्याच तासाला सांगा. ‘आईने काळजी घेतली नाही’ असे वाक्य वर्गात कुणी उच्चारले, तर तिथेच थांबवून दुरुस्त करा. असे बोल ऐकून खचलेल्या माता मी रोज पाहते.