विल्सन कॉलेजचे विल्सन नेमके कोण?

खेतवाडीची_लेक: चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात शिकले, पण विल्सन कोण ते कधी नीट कळलंच नाही. कॉलेजात ‘थोर शिक्षणतज्ज्ञ’ म्हणायचे, तर आमचे आजोबा ‘पोरं बाटवणारा पाद्री’. खरं काय?

अरबट_चरबट: इमारत त्यांनीच बांधली ना? बाकी माहीत नाही.

निवृत्त_मास्तर: नाही हो. ती इमारत १८८९ ची आणि विल्सन वारले १ डिसेंबर १८७५ ला. त्यांचा कारभार चालायचा गिरगावातल्या आंब्रोळीतून.

ताई, तुमचे आजोबाही खरं बोलत होते आणि कॉलेजवालेही. रेव्हरंड जॉन विल्सन हे स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचे, जन्म १८०४. फेब्रुवारी १८२९ मध्ये बायको मार्गारेटसह मुंबईत उतरले, ते मराठी शिकायला थेट कोकणात, बाणकोट-हर्णैला. पुढे मरेपर्यंत मुक्काम बहुतेक मुंबईच. मार्गारेटबाईंनी आल्या आल्या मुलींच्या शाळा काढल्या. त्या १८३५ मध्ये इथेच वारल्या, तेव्हा त्यांच्या दोघी बहिणींनी स्कॉटलंडहून येऊन ते काम पुढे चालवलं. त्यांची नावं मात्र मला कुठल्या पाटीवर दिसली नाहीत, याची चीड येते.

स्वतः विल्सन वाद घालण्यात पटाईत. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर हिंदू धर्माच्या बाजूने उभे राहिले, तर यांनी पुस्तक लिहून उत्तर दिलं. पारशी धर्मावर टीका करायची म्हणून त्यांचा धर्मग्रंथ अवेस्ता अभ्यासला. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि शहर पेटलं. प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने धनजीभाईंना आपल्या मर्जीने राहायची मोकळीक दिली. पारशांनी विल्सनच्या शाळेतून मुलं काढून घेतली.

गंमत बघा, याच माणसाने १८३५ मध्ये गिरनारचा अशोकाचा शिलालेख पाहिला, त्याची नक्कल पुढे कलकत्त्याला लिपीतज्ज्ञ प्रिन्सेपकडे गेली आणि ब्राह्मी लिपी उलगडायला ती कामी आली. नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. माझ्या मते त्यांची विद्वत्ता धर्मप्रचाराच्याच पोटातून आली, दोन्ही वेगळं काढता येत नाही.

अरबट_चरबट: मास्तर, मग ते मिशनऱ्यांकडे गेलेल्या ब्राह्मण पोराचं, श्रीपाद शेषाद्रीचं प्रकरणही यांचंच ना?

निवृत्त_मास्तर: ते १८४३ चं. तेव्हा विल्सन मुंबईत नव्हतेच. धनजीभाईंना घेऊन इजिप्त-पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघाले होते. मुंबईत त्यांचे सहकारी मिशनरी रॉबर्ट नेस्बिट होते, त्यांच्याकडे हे पोर राहायला गेलं. कोर्टाने अल्पवयीन म्हणून बापाच्या ताब्यात दिलं. मग प्रश्न आला जातीत परत घ्यायचा. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू लावून धरली, सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. ‘बाटलेला परत कसा घ्यायचा’ यावर मुंबईत उघडउघड दोन तट पडले.

खेतवाडीची_लेक: आणि श्रीपादचा थोरला भाऊ? तोही ख्रिस्ती झाला होता ना?

निवृत्त_मास्तर: नारायण शेषाद्री. ते ख्रिस्तीच राहिले, रेव्हरंड झाले, पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यांच्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.