२०१८ च्या हर्लिंग (काठी आणि चेंडूने खेळला जाणारा आयरिश मैदानी खेळ) अजिंक्यपद स्पर्धेचे एवढे कौतुक का होते?

प्रश्न: आयर्लंडच्या काउंटी (जिल्हा) संघांमधील ही स्पर्धा त्या वर्षी इतकी गाजण्याचे कारण कोणी सांगेल का?

उत्तर १: मन्स्टर आणि लेन्स्टर प्रांतांत बाद पद्धतीऐवजी साखळी सामने आल्यामुळे प्रत्येक संघाला किमान चार सामने मिळाले. पुढे उपांत्य फेरीच्या दोन्ही लढती निर्धारित वेळेत बरोबरीत राहिल्या. लिमरिकने कॉर्कला जादा वेळेत हरवले, तर गॉलवे आणि क्लेअर यांना पुन्हा खेळावे लागले.

उत्तर २: माझ्या मते खरे कारण अंतिम सामना हेच आहे. गोलला तीन गुण असल्याने लिमरिकचे ३-१६ (३ गोल आणि १६ एकेरी गुण) म्हणजे २५ आणि गतविजेत्या गॉलवेचे २-१८ म्हणजे २४ गुण झाले. अखेरच्या क्षणांत गॉलवेच्या जो कॅनिंगने फ्री हिटवर गोल करूनही लिमरिकने १९७३ नंतर प्रथमच चषक जिंकला.