मदत हवी आहे : व्हेरिकोसीलचं (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरांचं) ऑपरेशन लगेच करावं का? गोव्यात कुणाला दाखवावं?

भट्टीवाला, डिचोली

नमस्कार मंडळी. नेहमीचा आयडी सोडून लिहितोय, इथे गाववाले बरेच आहेत.

वय ३२, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. नळ्या मोकळ्या, हार्मोन्स ठीक. तोवर माझ्या तपासणीचं कुणी नावही काढलं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, आता तुमचं पण बघूया. वीर्यतपासणीत शुक्राणू एका मिलिलिटरला १.१ कोटी, हालचाल ३४ टक्के. सोनोग्राफीत ‘डावीकडे ग्रेड २ व्हेरिकोसील’. खासगीत दाखवलं तिथे रिपोर्ट बघूनच सांगितलं, याच आठवड्यात ऑपरेशन उरकून घ्या. हात लावून तपासलं नाही की मागचंपुढचं विचारलं नाही. खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसलो.

कुंडईला भट्टीजवळ काम करतो. त्या उष्णतेनं हे झालं असेल का? गोव्यात सरकारी इस्पितळात यासाठी कुठे जायचं? आणि मराठीत भरवशाचं काही वाचायला मिळेल का? मोबाईलवर शोधलं की पहिल्या मिनिटाला चूर्णवाले बाबा येतात.

जाता जाता, वडील ६७ वर्षांचे आहेत. रात्री चार-पाचदा लघवीला उठतात, धार बारीक झालीय. "वय झालं रे" म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. त्यांचं काय करू?

काचपट्टी, म्हापसा

लॅबमध्ये काम करते, म्हणून तपासणीपुरतंच बोलते. एका रिपोर्टवर काहीही ठरवू नका. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको. घरून नेणार असाल तर तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, आणि बाटली शर्टाच्या आत अंगाला लावून आणायची. एसी गाडीत डॅशबोर्डवर ठेवून आणलेले नमुने आमच्याकडे येतात, त्यात हालचाल काय कपाळ दिसणार! पहिला थेंब सांडला असेल तर न लाजता सांगा, शुक्राणू सगळ्यात जास्त तिथेच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा मिलिलिटरला १.६ कोटी आणि एकूण हालचाल ४२ टक्के. तुमचे आकडे त्याखाली आहेत, पण शून्य नव्हेत. त्या मर्यादेखालच्या माणसांनाही मुलं होतात.

महत्त्वाचं विचारते. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंगीबिंगी, मोठा ताप येऊन गेला का? शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा जुना ताप आजच्या रिपोर्टात दिसतो.

सत्तरीचा बाबू

माझं हेच ऑपरेशन बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात झालंय. तिथे युरॉलॉजीचा वेगळा विभाग आहे. ओपीडीचे वार आधी फोन करून विचारा. तुमच्या जवळ साखळीचं आरोग्य केंद्र आहे किंवा म्हापशाचा आझिलो, म्हणजे जिल्हा इस्पितळ. तिथून चिठ्ठी घेऊन गेलात तर वणवण वाचते.

मला डॉक्टरांनी उभं करून तपासलं, मग श्वास रोखून पोटात जोर द्यायला लावला, मग आडवं केलं. ग्रेड हा मुळात हाताला काय लागतं त्यावरून ठरतो. फक्त सोनोग्राफीत दिसणारं आणि हाताला न लागणारं व्हेरिकोसील असेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत. हाताला लागत असेल, वीर्याचा रिपोर्ट बिघडलेला असेल आणि मूल हवं असेल, तर ऑपरेशनचा विचार करतात. म्हणजे तुम्हाला कदाचित लागेलही. पण ‘याच आठवड्यात’ असं त्यात काहीच नाही.

डावीकडेच का, तर डावीकडची शीर वर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, म्हणून रक्त खाली तुंबतं. शंभरातल्या पंधरा-एक पुरुषांना हे असतं आणि बहुतेकांना मुलंही होतात. फक्त उजवीकडेच असेल, किंवा अचानक उद्भवून आडवं झाल्यावरही ओसरत नसेल, तर मात्र पोटाची तपासणी करून घ्यावी लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली करतात ते ऑपरेशन चांगलं. शिरा पुन्हा फुगणं आणि नंतर अंडकोषाभोवती पाणी भरणं, दोन्ही त्यात कमी. रिपोर्ट सुधारायला तीन ते सहा महिने जातात आणि मूल होईलच अशी हमी कुणी देत नाही. माझा रिपोर्ट सुधारला. पुढचं अजून व्हायचंय.

लोखंडी हात, वास्को

भाऊ, एवढा घोळ कशाला? आमच्या जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मिळतं. मर्दानगी वाढली की बाकी आपोआप.

काचपट्टी

अजिबात नको! बाहेरून ते हार्मोन घेतलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, आणि अंडकोषाला मिळणारा हुकूम बंद होतो. जिमवाल्या पोरांचे शून्य शुक्राणूंचे रिपोर्ट मी पाहिलेत. बंद केल्यावर परत यायला महिनोन्‌महिने लागतात.

भट्टीवाले, उष्णतेचं म्हणाल तर अंडकोष शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी थंड असावे लागतात. सततच्या भट्टीनं फरक पडू शकतो. सुपरवायझरशी बोलून थोडे महिने पाळी बदलून मिळते का बघा. तंबाखू असेल तर ती आधी.

निवृत्त सिस्टर, फोंडा

बाबा, वडिलांना समजावून सांग. पन्नाशीनंतर प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढणं सर्रास आहे आणि गोळ्यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. लघवी, साखर, सोनोग्राफी आणि डॉक्टर म्हणतील तर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), एवढ्यावर पहिलं काम भागतं. सर्दीच्या गोळ्या मनानं देऊ नकोस, त्यातल्या काहींनी अशा माणसाची लघवी पुरती अडते. अडली तर सकाळची वाट बघायची नाही. लघवीतून रक्त दिसलं तरी तसंच.

धागा निघालाच आहे तर पोरगे असलेल्यांनी ऐका. मुलाच्या अंडकोषात एकाएकी जोराची कळ आली, ओकाऱ्या झाल्या, तर तो पीळ असू शकतो. सहा तासांच्या आत सोडवला तर अंडकोष वाचण्याची आशा चांगली. लेप लावत बसू नका, १०८ ला फोन करा. तरण्या मुलाला न दुखणारी टणक गाठ लागली तर तीही त्याच आठवड्यात दाखवा. अंडवृद्धी (हायड्रोसील) आणि अंतर्गळ (हर्निया) बाहेरून सारखेच दिसतात, ते डॉक्टरला ठरवू दे.

बसस्टँडवरच्या ‘गुप्तरोग’ पाट्यांचं म्हणशील, तर अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी पाट्या आहेतच.

सत्तरीचा बाबू

वाचायला मराठीत सलग असं मला काही सापडलं नाही. इंग्रजी चालत असेल तर मेडलाइनप्लस ही अमेरिकन सरकारची आरोग्याची वेबसाइट आणि युरोपियन युरॉलॉजी संघटनेची रुग्णांसाठीची पानं सोप्या भाषेत आहेत, चित्रंही आहेत. लैंगिक आजारांची शंका असेल त्याला १०९७ हा फुकट नंबर, नाव सांगावं लागत नाही.

खर्चाला गोव्याचं दीन दयाळ कार्ड (सरकारी आरोग्य विम्याचं) जवळ ठेवा. आणि जीएमसीत २०२३ पासून आयव्हीएफही (टेस्ट ट्यूब बेबी) मोफत सुरू झालंय, पण ते खूप पुढचं.

भट्टीवाला

सगळ्यांचे आभार. काचपट्टीताई, चतुर्थीनंतर डेंगी झाला होता, आठवडाभर झोपून होतो. रिपोर्ट त्यानंतर दीड महिन्यानं केला. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आता थोडं थांबून पुन्हा तपासणी करतो आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन बांबोळीला जातो. बायकोला बरोबर न्यावं का?

निवृत्त सिस्टर, फोंडा

ने. तिचे कागद पण ने, तारखेप्रमाणे लावून. तिचं वय किती यावरही डॉक्टर थांबायचं की नाही ते ठरवतात. आणि वडिलांना त्याच गाडीत बसव.