चिमणी एक, अहवाल पाच : कागद खरंच फेकायचे का?

वेर्ण्याचा कारकून (मूळ पोस्ट)
गोव्यात कोळशावरचं सरकारी वीजकेंद्र नाही. आपली वीज कोरबा, विंध्याचलहून तारेनं येते. तरी इथल्या कारखान्यांच्या स्वतःच्या वीजसंचांना कागद कमी नाहीत. १ जून आणि १ डिसेंबरला पर्यावरण मंजुरीचा सहामाही अहवाल, ३० जूनला घातक कचऱ्याचं विवरण, ३० सप्टेंबरला फॉर्म पाच (वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र), राखेचा हिशेब आणखी कुठल्या पोर्टलवर, आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीच्या नूतनीकरणाला तेच आकडे पुन्हा. चिमणीवर ऑनलाइन मापक आहे, दर १५ मिनिटांची सरासरी थेट मंडळाच्या सर्व्हरवर जाते. आकडा दिसतोय, बस्स. कागद बंद करा.

चिमणीखालचा
"आकडा दिसतोय, बस्स" एवढं वाचलं आणि राहवलं नाही. कसला आकडा, बाब? जादा हवेनं धूर पातळ होतो, म्हणून कोळशाच्या चिमणीत धूळ ६ टक्के ऑक्सिजनवर आणून मोजायची असते. समजा मापक घनमीटरला ४५ मिलिग्रॅम दाखवतंय आणि ऑक्सिजन ११ टक्के आहे. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. २०.९ मधून ६ वजा, १४.९. २०.९ मधून ११ वजा, ९.९. भागिले तर दीडपट. म्हणजे खरे ६८. मर्यादा ५० असेल तर नापास! डक्टला भोक पडून हवा आत ओढली गेली की आकडा आपोआप 'सुधारतो'. दुरुस्ती केली की नाही, हे १५ मिनिटांच्या सरासरीत दिसत नाही. ते कागदावरच लिहावं लागतं.

दुसरं. मापक ते डेटा लॉगर (आकडे नोंदवून पुढे पाठवणारं यंत्र) हा प्रवास ४ ते २० मिलिअँप विजेचा: ४ म्हणजे पल्ल्याचा तळ, २० म्हणजे माथा. मापकाचा पल्ला ० ते ५००, लॉगरमध्ये कुणी ० ते २०० भरला. १२ मिलिअँप आले की मापक म्हणतं २५०, सर्व्हर म्हणतो १००. कॅलिब्रेशनच्या कागदावर दोन्ही पल्ले शेजारी लिहिलेले नसतील तर हे वर्षभर कुणाला कळणार नाही.

सांगेचा
आणि धूळमापकाच्या काचेचं काय? काच स्वच्छ ठेवणाऱ्या पर्ज हवेचा फिल्टर तुंबला की काच काळी पडते, आकडा वाढतो, लोक काच पुसतात आणि "दुरुस्त झालं" म्हणतात. आकडा उतरला तो काच पुसल्यानं की ईएसपीचं (विजेनं धूळ पकडणाऱ्या यंत्राचं) बंद पडलेलं फील्ड, म्हणजे कप्पा, परत चालू केल्यानं, हे लॉगबुकशिवाय सांगा बघू.

वेर्ण्याचा कारकून
म्हणजे लॉगबुक हवं. मान्य. लॉगबुक कारखान्यात असतंच. ते पाच ठिकाणी पाठवून काय होतं? गंमत बघा, ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना गंधक-शोषक यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. मोठ्यांना सूट, छोट्यांना रकाने!

वास्कोची बाय
तुम्ही चिमणीच मोजत बसा. आमच्या खिडकीत बसते ती पूड कुठल्या फॉर्ममध्ये येते?

चिमणीखालचा
बाय, तो कोळसा वीजकेंद्राचा नाही. मुरगाव बंदरात उतरतो आणि रेल्वेनं घाट चढून कर्नाटकातल्या पोलादाला जातो. इथे विषय वेगळा आहे.

वास्कोची बाय
विषय वेगळा म्हणे! धूळ विचारून येते का, मी विजेची की पोलादाची? तुमच्या कागदात चिमणीतून निघालेलंच मोजतात. ढिगावरून उडालेलं, वॅगनमधून सांडलेलं, पट्ट्यावरून ओतताना उठलेलं कुणी मोजत नाही. पाणी फवारतात, दुपारचा समुद्राचा वारा सुटला की वरचा थर तासात कोरडा.

सांगेचा
बायनं बरोबर नस पकडली, पण अर्धीच. हवेतले सूक्ष्म कण मोजतात: पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. मात्र खिडकीत बसणारी पूड बहुतेक १० मायक्रॉनपेक्षा जाड. ती त्या यंत्राच्या तोंडाशीच गाळली जाते. यंत्र म्हणतं हवा ठीक, फडकं म्हणतं काळं. दोघंही खरं बोलतात. तिच्यासाठी महिनाभर उघडी बरणी ठेवून पडलेली धूळ तोलावी लागते, चौरस मीटरला किती ग्रॅम.

वास्कोची बाय
बरणी ठेवा ना मग! पण काळी म्हणजे कोळसाच असं तुम्ही म्हणणार नाही, माहीत आहे.

सांगेचा
नाहीच म्हणणार. खनिजाची लाल, टायरची काळी, मातीची करडी. सूक्ष्मदर्शकाखाली नाही तर प्रयोगशाळेत कार्बन तपासूनच कळेल.

वेर्ण्याचा कारकून
वाह! आता बरणीसाठी सहावा अहवाल. पोस्ट काय होती, गाडी कुठे गेली.

चिमणीखालचा
तुझ्याच पोस्टवर येतो. दिवसाला ५०० टन कोळसा, गंधक अर्धा टक्का: अडीच टन गंधक. जळालं की वजन दुप्पट, सुमारे पाच टन सल्फर डायॉक्साइड. थोडं राखेत राहील. तुझं मापक हिशेबानं दोनच टन दाखवत असेल तर बहुधा चिमणीतला वायू मापकापर्यंत आणणाऱ्या नमुना-नळीचा हीटर बंद आहे. नळी थंड झाली, पाणी सुटलं, वायू त्यात विरघळला. हे सर्व्हरला कळत नाही. कोळशाचे टन आणि गंधकाचा टक्का एका कागदावर आले तरच कळतं. फॉर्म पाचच्या भाग ब मध्ये कच्च्या मालाबरोबर कोळशाचे टन येतात, प्रामाणिकपणे भरले तर.

वेर्ण्याचा कारकून
"भरले तर"! तिथे गेल्या वर्षीचाच आकडा चिकटवला जातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं हवा कायद्यात दंड १० हजार ते १५ लाख केलाय. चिकटवणाऱ्याला १० हजारांचं काय?

चिमणीखालचा
तिथे मात्र बोलायला जागा नाही.

वेर्ण्याचा कारकून
चला, एक तरी कबुली. माझीही घ्या: ४-२० चे पल्ले, ऑक्सिजन दुरुस्ती, हीटरचं तापमान आणि गंधकाचा हिशेब, एवढं एका पानावर दर सहामाही द्या, मी हरकत घेणार नाही. तेच पान पाच ठिकाणी वेगवेगळ्या रकान्यांत भरायला लावलं, तर पुन्हा पोस्ट टाकीन.

वास्कोची बाय
आणि बरणी?