एचपी५ फिल्मवर लाँग एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो), ॲप सांगतंय तोच टाइम धरायचा का?

प्रश्न: फोनवरचं प्रकाश मोजणारं मीटर ॲप १/३० सेकंद दाखवतंय, १० स्टॉपचा एनडी (प्रकाश दहा वेळा निम्मा करणारा गडद फिल्टर) टाकला की तेच ३४ सेकंद सांगतं. रोल इलफर्ड एचपी५ प्लस. एवढाच वेळ शटर उघडं ठेवू का अजून वाढवू?

उत्तर: वाढवायलाच लागेल. सेकंदाच्या पुढे गेलं की फिल्म मंद प्रकाशाला नीट दाद देत नाही, रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात ते हेच. इलफर्डनेच फॉर्म्युला दिलाय, मीटरच्या सेकंदांचा घात काढायचा, घातांक एचपी५ ला १.३१, त्यांच्याच एफपी४ फिल्मला १.२६, म्हणजे तुझे ३४ सेकंद जातात थेट १०० च्या आसपास. ॲपमध्ये फिल्म निवडायचा ऑप्शन आहे का बघ, असेल तर हे आपोआप होतं, मग हाताने परत वाढवू नकोस.

दुसरं उत्तर: बरोबर, पण हाच आकडा सगळ्या फिल्मना लावू नका. फुजी ॲक्रॉसला १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही, रात्रीच्या कामाला ती फिल्म खरंच सोनं आहे.

प्रश्न विचारणारा: सापडलं! लिस्टमध्ये एचपी५ निवडल्यावर १०१ सेकंद येतंय. खूप आभार, आता कॅमेरा बल्बवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं तो मोड) ठेवून केबल रिलीज (वायरवरचं शटर बटण) लॉक करतो.