खाऊन बघ, खाऊन टाक : कोरियन शब्दांचे मराठी अर्थ

माझी भाची यंदापासून विद्यापीठात कोरियन भाषा शिकते आहे. परवा तिची वही चाळली. पानावर दोन रकाने : डावीकडे हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, उजवीकडे इंग्रजी अर्थ. ‘मॉगॉ ब्वा’समोर ‘ट्राय इटिंग’. ‘मॉगॉ बॉर्यॉत्ता’समोर ‘खाल्लं, त्यात खेद किंवा सुटका’ अशा अर्थाची लांबलचक इंग्रजी ओळ आणि पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. खेद आणि सुटका एकाच क्रियापदात कशी मावते, हे तिला कळत नव्हतं. मी तिसरा रकाना आखून लिहिलं : ‘खाऊन बघ’. ‘खाऊन टाकलं’. प्रश्नचिन्ह तिने स्वतःच खोडलं.

‘बोदा’ म्हणजे बघणे, ‘जुदा’ देणे, ‘दुदा’ ठेवणे, ‘बॉरिदा’ टाकून देणे. मूळ क्रियापदाचं आपल्या ‘-ऊन’सारखं रूप करून ही त्याला जोडायची. ‘करून’ला कोरियनमध्ये ‘हे’ : ‘हे बोदा’ करून बघणे, ‘हे जुदा’ करून देणे, ‘हे दुदा’ करून ठेवणे, ‘हे बॉरिदा’ करून टाकणे. दोन्ही भाषा एका कुळातल्या नाहीत, तरी जोडणी अशी तंतोतंत. भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही आपल्या बोलण्यातच आहे. ‘सांगून टाकलं एकदाचं’ यात सुटका आहे, ‘अरे, सांगून टाकलंस?’ यात हळहळ. ‘टाकणे’ दोन्हीकडे तेच.

मी सोलला शिन्छोन भागातल्या एका विद्यापीठाच्या ऑहाक्तांगमध्ये, म्हणजे भाषाकेंद्रात, शिकलो. अशा केंद्रांमध्ये साधारण सहा पायऱ्या असतात. एक पायरी दहा आठवड्यांची, आठवड्यातले पाच दिवस, रोज चार तास. तिसऱ्या पायरीपर्यंत मी सगळं इंग्रजीतून पाठ करत होतो. मग मार्चमध्ये, कोरियात नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं तेव्हा, कँटीनच्या रांगेत माझ्यापुढे पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी होती. ती वरच्या वर्षातल्या मुलाला म्हणाली, ‘सॉनबे, पाप सा जुसेयो.’ ‘पाप’ म्हणजे भात आणि जेवणही. ‘सादा’ विकत घेणे, ‘जुदा’ देणे. जेवण घेऊन द्या! आपल्याकडचं मूल जत्रेत ‘मला फुगा घेऊन दे’ म्हणतं, तीच रचना आणि तोच हक्काचा सूर. त्या दिवशी खोलीवर जाऊन जुनी वही काढली आणि सगळे अर्थ मराठीत लिहायला घेतले. माझं कोरियन तिथून पुढे सरकलं, असं मी मनापासून सांगेन.

त्या वाक्यातला ‘सॉनबे’ म्हणजे आपल्याआधी त्या विद्यापीठात, खात्यात किंवा नोकरीत आलेला, आणि नंतर आलेला तो ‘हूबे’. ‘सीनियर’ने काम भागतं, पण सॉनबेवर जबाबदारीही असते. नव्या मुलांना जेवू घालणं, जुन्या नोट्स देणं हे त्याच्याकडून धरून चाललेलं असतं. सोबत ‘हाकबॉन’ हा शब्द येतो : विद्यार्थी क्रमांक. त्यात प्रवेशाचं वर्ष असतं, म्हणून 2024 साली आलेला मुलगा स्वतःची ओळख ‘24 हाकबॉन’ अशी करून देतो. समोरच्याने लगेच ताडायचं की आपण याचे सॉनबे की हूबे. आपल्याकडचं ‘चोवीसची बॅच’ याच्या बरंच जवळ जातं.

आता कोरियन शिकताना तुम्हाला पडणारे प्रश्न.

‘उरी’ म्हणजे आपण की आम्ही?

दोन्ही. कोरियनमध्ये तो भेद या शब्दात नाही. ‘उरी काल्का?’ म्हणजे ‘आपण जायचं का?’, आणि ‘उरी चिप’ म्हणजे ‘आमचं घर’. इंग्रजीतून शिकणारे अडखळतात ते ‘उरी नाम्प्यन’पाशी, कारण शब्दशः तो ‘आमचा नवरा’ होतो. मराठी माणसाने इथे अडखळायचं काही कारण नाही. ‘आमचे हे’ म्हणणाऱ्या बायका आपल्या घरोघरी आहेत. ‘उरी ऑम्मा’ म्हणजे ‘आमची आई’, बोलणारा एकुलता एक असला तरी.

एक बारकावा मात्र पक्का लक्षात ठेवा. ‘उरी’चं नम्र रूप ‘जही’. त्यात ऐकणारा कधीच येत नाही, कारण नम्रपणे खाली उतरायचं ते आपण, समोरच्याला खाली ओढायचं नाही. म्हणजे ‘जही’ कायम ‘आम्ही’, ‘आपण’ कधीच नाही. आणि देशाबद्दल बोलताना कोरियन माणूस ‘उरी नारा’च म्हणतो, ‘जही नारा’ चुकीचं धरतात.

अहो-जाहो कसं करायचं? वाक्याच्या शेवटी ‘यो’ लावलं की झालं का?

पोटापुरतं झालं, पण ‘यो’ काय करतो ते समजून घ्या. मराठीत आदर ज्याच्याविषयी बोलतो त्याला मिळतो : ‘बाबा आले’, ‘बंड्या आला’. कोरियनमध्ये तोही आहे, पण त्याखेरीज ज्याच्याशी बोलतो त्याचा मान वाक्याच्या शेवटी वेगळा ठेवावा लागतो, मग विषय पावसाचा का असेना. ‘पिगा वा’ हे मित्राला, ‘पिगा वायो’ हे शेजारच्या काकूंना, ‘पिगा ओम्निदा’ हे सभेत किंवा बातम्यांत. (‘ओदा’ म्हणजे येणे. त्यांचा पाऊसही आपल्यासारखा ‘येतो’.)

मला इथे आपले शेवटचे ‘रे’, ‘गं’, ‘हो’ आठवतात. ‘पाऊस आला रे’ आणि ‘पाऊस आला हो’ यांत पाऊस तोच, बदलला तो ऐकणारा. ‘यो’ची जागा तीच. फरक असा की आपला ‘हो’ मर्जीचा आहे आणि त्यात जरा आर्जव किंवा लगबग असते. ‘यो’ साधा, बिनभावनेचा असतो, पण तो गाळला तर समोरचा दुखावतो.

एकेरी बोलण्याला ‘पान्माल’ म्हणतात, शब्दशः ‘अर्धी भाषा’. ओळख वाढली की वयाने मोठा माणूस म्हणतो, ‘माल नोउल्का?’ म्हणजे ‘बोलणं खाली ठेवू या का?’ आपण ‘अरेतुरे करू या का?’ म्हणू. हे विचारण्याचा मान मोठ्याचा.

‘जॉंग’ला, म्हणजे सहवासातून जडलेल्या मायेला, ‘ऋणानुबंध’ चालेल का?

मला पटत नाही. ऋणानुबंधात मागच्या जन्मीचं देणंघेणं येतं. ‘जॉंग’ याच जन्मात, रोजच्या सहवासातून साठतो. क्रियापदही बघा : ‘जॉंगी तुल्दा’, जॉंग आत शिरतो. ‘लळा लागणे’, ‘माया लागणे’ हे जास्त जवळचं, कारण तीही न ठरवता लागते. लळा सहसा लहान मूल किंवा मुक्या जनावराशी जोडला जातो, एवढीच त्याची मर्यादा. आणि कोरियात ‘मिउन जॉंग’सुद्धा असतो : भांडून, चिडून, वर्षानुवर्षं एकमेकांना सोसून जडलेला. त्याला आपल्याकडे सुटा शब्द मला सापडलेला नाही.

‘नूनची’?

हा माझा सगळ्यात आवडता : समोरच्याचं मन न सांगता ओळखण्याची हातोटी. ‘नूनचीरुल बोदा’, नूनची बघणे, म्हणजे रागरंग बघणे. क्रियापदही ‘बघणे’च! ‘नूनची ऑप्ता’, नूनची नसणे, म्हणजे पाचपोच नसणे. सॉनबेचा चेहरा उतरलेला असताना ‘पाप सा जुसेयो’ म्हणणाऱ्या हूबेला नूनची नाही.

कोरियातलं शहर पुसान की बुसान?

कोरियन शब्द रोमन लिपीत लिहिण्याची सरकारी पद्धत 2000 साली बदलली, तेव्हा ‘पी’चं ‘बी’ झालं. उच्चार होता तोच आहे. कोरियन क, त, प, च शब्दाच्या सुरुवातीला क-तसारखे ऐकू येतात आणि दोन स्वरांमध्ये ग-दसारखे. त्यामुळे तोच वर्ण ‘पाप’मध्ये ‘प’ आणि ‘हूबे’मध्ये ‘ब’ होतो. देवनागरीत लिहिताना मी बहुतेक ठिकाणी कानाला जे येतं तेच लिहिलं आहे, हंगुलचं नेमकं लिप्यंतर नव्हे. विद्यार्थ्यांनी मात्र हंगुलच वाचावं. राजा सेजोंगने ते 1443 मध्ये तयार केलं आणि 1446 मध्ये जाहीर केलं, तेच मुळी सामान्य माणसाला चटकन वाचता यावं म्हणून. तुम्हाला आठवड्यात येईल.

पुण्यात दुभाषाचं काम करायचं असेल तर मराठीचा उपयोग होईल का?

नक्की. रांजणगाव, तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि तिथल्या लाइनवर मराठीच बोलतात. साहेब ‘हे नोउसेयो’ म्हणाले की इंग्रजीचा वळसा न घेता थेट ‘करून ठेवा’ म्हणायचं. ‘नोथा’ आणि ‘दुदा’ दोघांनाही आपलं ‘ठेवणे’ पुरतं.

आता माझा एक प्रश्न. ‘ताप्तापहादा’. खोलीत हवा नाही, छातीत कोंडल्यासारखं झालं, आणि दहादा सांगूनही समोरच्याला कळत नाही, या तिन्ही वेळी कोरियन माणूस हा एकच शब्द वापरतो. पहिल्या दोन्हींना ‘घुसमट’ बसते. तिसऱ्याला मी ‘जीव मेटाकुटीला येणे’ लिहून ठेवलंय, पण त्यात दमणं आहे, कोंडणं नाही. तुमच्या गावाकडे, घरात, आजीच्या बोलण्यात तिन्हींना चालेल असा शब्द ऐकला असेल तर सांगा, भाचीच्या वहीत ती जागा रिकामी आहे.